कुणाच्या किल्लीवर बसवायचं?

आणि मग सकाळी दहाच्या सुमाराला कुलूपवाल्या बाईंनी पुढच्या दाराचं जुनं कुलूप उपसून काढलं आणि दाराला पडलं भोक. हे एवढं! माझी तीन बोटं आरामात जातील एवढं. खरं सांगते, त्या दिवशी आमच्या घरातलं एकूण एक माणूस त्या भोकाला डोळा लावून गेलं. बाबासुद्धा. दार सताड उघडं होतं, तरी!

घर आमचं होऊन चारच दिवस झाले होते. सामानाचा ट्रक दुपारी एकला येणार होता. त्याच्या आत पुढचं, मागचं आणि गच्चीचं, अशी तीन कुलपं नीट व्हायला हवी होती. कारण आमच्याआधी साठ वर्षं त्या घरात कोण कोण राहून गेलं आणि कुणाकुणाच्या खिशात त्याच्या किल्ल्या आहेत, कुणाला माहीत? जुन्या मालकांनी तर जाताना बिस्किटांचा डबा भरून किल्ल्या दिल्या होत्या. तेवीस! आणि दारं मोजून पाच. आत्या जमिनीवर फतकल मारून एकेक किल्ली प्रत्येक दाराला लावून बघत होती आणि एकही कशालाच लागेना.

"ही माणसं घर विकून गेली की भंगार?" आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आमच्याकडेच राहते. बाबांना या जगात 'बाळ्या' म्हणणारी एकटी ती. आणि मला 'भिंगरी'. का ते तुम्हाला सांगायला नकोच.

बाबा एका जागी टिकत नव्हते. तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस, दिवसभर एका स्टुलावर बसून काचा घासणारा, आणि त्या दिवशी नुसता या खोलीतून त्या खोलीत. खिडकी उघड, खिडकी लाव. नळ सोड, नळ बंद कर. मध्येच कुलूपवाल्या बाईंच्या मागे जाऊन उभे राहायचे.

"तुमचं हे भिंग किती पॉवरचं?"

"दिसतंय तेवढं बास आहे," बाई म्हणाल्या.

"नाही, कडेला ओरखडे पडलेत. मी बदलून देईन."

"आधी उजेडातून सरका, साहेब."

बाई पन्नाशीच्या असतील. बारीक कापलेले पांढरे केस, स्वतःचं बसायचं स्टूल स्वतः घेऊन आलेल्या, आणि तोंडात सतत एक स्क्रू. बोलायचं झालं की स्क्रू एका गालातून दुसऱ्या गालात.

तर बाबांनी ठरवून टाकलं होतं. तीन दारं, तीन नवी कुलपं, सगळ्यांना कोऱ्या किल्ल्या, विषय संपला. आत्या पूर्ण त्यांच्या बाजूला. "नव्या घरात सगळं नवं," असं तिने दोनदा म्हणून झालं होतं. आणि तेवढ्यात आई मागच्या खोलीतून आली. तिने पिशवीतून एक कुलूप काढलं, खोक्यासकट, आणि त्याच्यावर एक किल्ली ठेवली.

"पुढच्या दाराला हे बसवा. आणि या किल्लीने उघडेल असं करून द्या."

ती आमच्या जुन्या भाड्याच्या घराची किल्ली होती.

बाबा खिडकीपाशी होते. तिथेच थांबले.

"जमेल का?" आईने विचारलं.

बाईंनी किल्ली उजेडात धरली, नव्या कुलपाच्या तोंडात सरकवून बघितली. "कंपनी तीच आहे. खाच जुळते. आतल्या पिना काढायच्या आणि या किल्लीच्या दात्यांप्रमाणे दुसऱ्या भरायच्या. अर्ध्या तासाचं काम."

"त्या घराची किल्ली या घराला कशाला?" बाबा म्हणाले.

"हाताला सवय आहे."

"सवय! आठ दिवसांत नवी सवय होते माणसाला."

"मला नाही होत," आई म्हणाली. "आठ वर्षांत नाही झाली."

झालं! आठ वर्षं म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. दादाला घर सोडून आठ वर्षं झाली होती. दुकानात बसणार नाही म्हणाला, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकायला लागला, बाबांचं आणि त्याचं वाजलं, आणि एका दुपारी बॅग घेऊन गेला तो गेलाच. गेला म्हणजे कुठे, दुसऱ्या देशात नाही हं, बसने चाळीस मिनिटं! पण आला नाही आणि कुणी बोलावलंही नाही. आणि जाताना तो घराची किल्ली घेऊन गेला, एवढं एकच आई धरून बसली होती. म्हणून तर जुन्या घराचं कुलूप आम्ही कधी बदललं नाही. दार उचलून, खांद्याने ढकलून, शिव्या घालून उघडायला लागायचं, पण बदललं नाही. बदलूया म्हटलं की आई म्हणायची, "चालतंय ना? मग?"

"अगं पण त्याला हे घर कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही," आत्या हळूच म्हणाली.

"घर विचारून सापडतं, वन्सं. आणि विचारत विचारत आला, किल्ली लावली आणि लागलीच नाही, तर? आला नाही तर तो त्याचा प्रश्न. आल्यावर दार उघडलं नाही तर तो आपला."

आता बघा हं, आत्या कशी फिरली ते. तिनेच मला नंतर सांगितलं. ती म्हणे त्या क्षणापर्यंत मनातून चिडलेली होती. तिला वाटायचं, माझी वहिनी साधी किल्ली धरून बसलीये, बस पकडून एकदा जाऊन का येत नाही? पण हे वाक्य ऐकलं आणि तिच्या मनात आलं की ही बाई आठ वर्षं फक्त आपल्या बाजूची चूक राहू नये म्हणून धडपडतेय. आत्या उठली, साडीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "बाळ्या, पुढचं दार तिच्या मनासारखं होऊ दे. मागचं आणि गच्चीचं तुझ्या."

"ताई, तू पण?"

"दोन तुझी, एक तिचं. बहुमत तुझंच आहे, रडतोस कशाला?"

मला हसू आलं. बाबांना नाही. ते म्हणाले, "टाकीत पाणी चढतंय का बघून येतो," आणि जिना चढून वर गेले. टाकी मीच दहा मिनिटांपूर्वी बघून आले होते.

इकडे बाईंनी जमिनीवर पांढरं फडकं पसरलं आणि कुलपाची नळी उघडून आतल्या बारक्या बारक्या पिना त्याच्यावर ओतल्या. आईची किल्ली एका मापाच्या पकडीत धरून त्या प्रत्येक दात्याची उंची मोजायला लागल्या. एक मोजला. दुसरा मोजला. मग पहिला परत मोजला. स्क्रू या गालातून त्या गालात गेला.

"ही मूळ किल्ली नाही."

"म्हणजे?" आई म्हणाली.

"कुलपाबरोबर आलेली नाही. कुणीतरी करून दिलेली आहे, आणि तीही मूळ किल्लीवरून नाही. नकलेची नक्कल. वर आणखी घासलेली."

"हो, माझी एकदा हरवली होती. मग वन्संच्या किल्लीवरून केली."

"आणि माझी हिच्या किल्लीवरून केलेली होती," आत्या म्हणाली. "ती हरवायच्या आधी."

बाईंनी दोघींकडे असं बघितलं ना, की मी तोंड फिरवून हसले. खरंच, आमच्या घरात कधीही कुणीही मूळ किल्ली जपून ठेवली नाही. हिच्यावरून तिची, तिच्यावरून हिची!

"हे बघा," बाई म्हणाल्या. "कंपनीच्या किल्लीचे दाते ठरलेल्या उंचीचे असतात. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. तुमच्या या किल्लीचे पाचातले तीन दाते दोन पायऱ्यांच्या मध्येच लोंबकळतायत. मी हिच्यावर कुलूप बसवलं तर ते हिने उघडेल. पण ज्याच्याकडे मूळ किल्ली असेल त्याच्याने नाही उघडणार. तुमचं जुनं कुलूप झिजून ढिलं झालेलं असणार, ते सगळ्यांना घ्यायचं. हे नवं आहे. हे नाही घेणार."

"त्याच्याकडची मूळ आहे," आई म्हणाली. "कुलूप नवं आणलं तेव्हाची. त्याला मीच दिली होती."

"मग मला ती हवी. किंवा तिचा फोटो तरी, बाजूने काढलेला, शेजारी पट्टी ठेवून. मी अंदाजाने पिना भरू शकते, पण नाही लागली तर मला दोष देऊ नका. मी कुलूप बसवते. घरातली माणसं नाही."

आई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिचं काय चाललं होतं ते मला तेव्हाच कळत होतं, कारण ती अंगठ्याने बोटं मोजत होती, ती कावरीबावरी झाली की करते तसं. दादाकडे किल्लीचा फोटो मागायचा म्हणजे त्याला सांगायचं की मी तुझी वाट बघतेय. ते आठ वर्षं सांगितलं नव्हतं. आता तीन दात्यांसाठी सांगायचं?

आणि मी ना, मी मूर्ख! माझ्याच्याने बघवेना. मी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "थांब, मी मागवते त्याच्याकडून फोटो."

बाईंचा स्क्रूसुद्धा थांबला.

"तुझ्याकडे नंबर आहे त्याचा?" आई म्हणाली.

आता काय सांगू? तुम्हा मैत्रिणींना सगळ्यांना माहीत होतं. घरात कुणालाच नव्हतं. चार वर्षं आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो, त्याच्या वर्कशॉपच्या समोरच्या बाकावर. अट एकच, त्यानेच घातलेली: घराचं नाव काढायचं नाही. मी काढलं नव्हतं. एकदाही नाही.

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"चार वर्षं तू त्याला भेटतेस. आणि मी इथे..." आईने वाक्य सोडून दिलं. "कसा दिसतो?"

"बारीक झालाय. दाढी ठेवलीये. बरी नाही दिसत."

आत्या माझ्यावर खेकसली, "भिंगरे, लाज वाटते का? आईपासून लपवतेस?" आणि पुढच्याच श्वासात, "नोकरी नीट आहे ना त्याची?"

मी ओरडले, "तुम्हीच तर नाव काढू देत नव्हता घरात!" आई म्हणाली, "मी कधी नाही म्हटलं?" आत्या म्हणाली, "नाही म्हणत नव्हतीस, उठून जात होतीस!" तिघी एकदम बोलत होतो, आणि मी बोलता बोलता नंबर लावत होते, आणि बाई खाली मान घालून पिना रंगाप्रमाणे वेगळ्या करत होत्या, जणू ऐकूच येत नाही.

"फोन करू नकोस."

बाबा जिन्यात उभे होते. शेवटच्या पायरीच्या एक पायरी वर.

"का नको?" मी म्हणाले. "आता तर सगळं कळलंच आहे."

"त्याच्याकडे नाहीये ती किल्ली."

बाबांचं मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, दुकानात आम्ही दोघंच असताना. त्यांना वर गच्चीवर सगळं ऐकू येत होतं. रिकामं घर ना, आवाज घुमतो. ते टाकीला टेकून उभे होते आणि स्वतःला सांगत होते, बाई अंदाजाने भरतील पिना, एखादी किल्ली लागेल, विषय संपेल. मग माझा आवाज आला, फोन करते म्हणून. आणि त्यांना दिसलं की अर्ध्या मिनिटात दादा फोनवर सांगणार, 'किल्ली? ती तर बाबांनी घेतली.' ते आईने त्याच्या तोंडून ऐकावं की आपल्या? जिना उतरता उतरता म्हणे दोनदा थांबले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं एक जुनं पाकीट काढलं, चेन लावलेलं. त्यातून किल्ली काढली आणि बाईंच्या फडक्यावर ठेवली. चकचकीत होती. आमच्या सगळ्यांच्या किल्ल्यांचे दाते म्हाताऱ्या माणसासारखे, आणि हिचे कालच कापल्यासारखे.

"ही मूळ," बाई म्हणाल्या. त्यांना मोजायलाही लागलं नाही.

"त्या दुपारी तो निघाला तेव्हा तू माहेरी होतीस," बाबा म्हणाले. ते आईकडे बघत नव्हते, किल्लीकडे बघत होते. "मी दारात हात पुढे केला. म्हणालो, जातोयस तर किल्ली ठेव. मला वाटलं ठेवणार नाही. भांडेल. त्याने कडीतून काढली आणि माझ्या हातात दिली."

"आणि मी आल्यावर?"

"तू आल्या आल्या विचारलंस, किल्ली नेली ना त्याने? तुझं तोंड बघून मी हो म्हणालो."

"हो म्हणालात."

"एकदाच म्हणालो. मग तू ते घट्ट धरून बसलीस. मग परत घेता येईना."

मी काहीतरी भयंकर बोलले बाबांना. काय ते नाही सांगत. आत्या लगेच मध्ये पडली, "गप्प बस, तुझं पण चार वर्षांचं आहेच!" म्हणजे बघा, पाच मिनिटांपूर्वी ती आईच्या पार्टीत, आता बाबांच्या. मग तिने बाबांकडे वळून त्यांच्या दंडावर एक चापट मारली, लहान मुलाला मारतात तशी. "गाढवा," म्हणाली.

आई मात्र ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, बाईंच्या समोर, जमिनीवर.

"म्हणजे तो किल्ली असून आला नाही, असं नाही," ती म्हणाली. कुणाला, कोण जाणे. "पहिलं वर्षभर मला वाटायचं, किल्ली आहे, येईल. मग वाटायला लागलं, किल्ली आहे तरी येत नाही, किती दगड मनाचा. मी त्याचा राग राग केला हो. पोटच्या पोराचा. आणि त्याच्याकडे काहीच नव्हतं."

"अगं..." बाबा म्हणाले.

"आणि त्याला वाटलं असेल, आईलाच नकोय. किल्ली काढून घेतली म्हटल्यावर बेल कशाला वाजवेल तो?"

मला तो बाक आठवत होता आणि दादाची ती अट. घराचं नाव काढायचं नाही. मला वाटायचं तो रागाने म्हणतो.

कुलूपवाल्या बाईंनी शेवटी तोंडातला स्क्रू काढला आणि तळहातावर ठेवला. दोन्ही किल्ल्या फडक्यावर शेजारी शेजारी होत्या.

"ताई, मला दुसरीकडे जायचंय. कुणाच्या किल्लीवर बसवू?"

"हिच्यावर," आई म्हणाली. नव्यासारख्या दिसणाऱ्या किल्लीवर बोट ठेवून. म्हणजे खरं तर सगळ्यांत जुन्या. मूळ किल्लीवर.

चिमट्याने एकेक पिन उचलायची, नळीत टाकायची, वर स्प्रिंग, वर टोपी. बाईंचा हात कुठे अडत नव्हता, आणि आम्ही चौघं गोल करून बघत होतो, जणू आत कुणाचं ऑपरेशन चाललंय. मग त्यांनी कुलूप दारात बसवलं, मूळ किल्ली घातली आणि फिरवली. एक आवाज नाही. दार न उचलता, न ढकलता! मग त्यांनी आईची किल्ली घालून बघितली. आत गेली. फिरली नाही. आपल्याच घराच्या दाराला आईची किल्ली लागेना.

"मला एक नवी करून द्या," आई म्हणाली. "सगळ्यांना करा. पण या मूळ किल्लीवरूनच, आता हिच्यावरून तिची नको."

बाईंनी गाडीतल्या मशीनवर चार किल्ल्या कापल्या. मूळ किल्ली आईच्या हातात परत दिली. आईने ती बाबांपुढे धरली.

"तुम्ही घेतलीत. तुम्हीच नेऊन द्या."

"आत्ता? ट्रक येईल आता."

"ट्रक मी बघते."

"मागचं दार, गच्चीचं दार..."

"ते वन्सं बघतील."

बाबांनी किल्ली घेतली. ती पाकिटात घालायला गेले, आईने नुसतं बघितलं, त्यांनी पाकीट ठेवून दिलं आणि किल्ली मुठीत धरली. मग माझ्याकडे वळले. माझ्याशी बोलायची त्यांना हिंमत होईना आणि मला त्यांच्याकडे बघायची. शेवटी म्हणाले, "बस कुठली?" मी सांगितली. कुठे उतरायचं, डावीकडे रंगाच्या दुकानावरून वळायचं, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण त्याच बिल्डिंगची लिफ्ट नेहमी बंद असते. आत्या म्हणाली, "लिफ्टवाल्याच्याच घरी!" आणि कुणीच हसलं नाही, मग तीच थोडं हसली.

बाबा बुटाची नाडी बांधत होते. दोनदा सुटली.

"काय म्हणू त्याला?"

"मला विचारू नका," आई म्हणाली. "आठ वर्षं मला काय सांगायचं ते मला विचारलं होतंत? तुमचं तुम्ही ठरवा." आणि ते फाटकाबाहेर पडल्यावर मागून मोठ्यांदा, "आणि तो घरी नसला तर दाराखालून किल्ली सरकवून येऊ नका! थांबा तिथे. येईपर्यंत थांबा!"

बाबांनी मागे न बघता हात वर केला.

मी लगेच फोन काढला. "दादाला सांगते, बाबा निघालेत म्हणून. तो दुपारचा कामावरून घरी येतो, थांबेल."

आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"नको."

"अगं का?"

"बाबा अर्ध्या वाटेतून परत फिरले, तर तो उगाच दाराकडे बघत बसेल. मी बसलेय तशी. एक दिवससुद्धा नको त्याला ते."

कोपऱ्यावर ट्रक वळत होता. आईने पदर खोचला आणि त्याला हात करायला रस्त्यावर गेली.